घरभर एकच गाणं: बिनतारी मल्टीरूम स्पीकर घेताना सोलापूरकरांना पडणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि आसपासच्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे, नंतर अडचणीचे प्रश्न येतात. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. खरेदीचा क्रम मात्र आताच ठरवून टाका: आधी घरातलं वाय-फाय, मग यंत्रणा (म्हणजे स्पीकर ज्या तंत्राने फोनशी आणि एकमेकांशी बोलतात ते), आणि सगळ्यांत शेवटी स्पीकर. दुकानात हा क्रम उलटा होतो आणि पैसे तिथेच अडकतात.

१. मल्टीरूम स्पीकर म्हणजे काय? साध्या ब्लूटूथ स्पीकरपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

ब्लूटूथ स्पीकर थेट फोनशी बोलतो. फोन घेऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की आवाज तुटतो, आणि फोन वाजला की गाणं थांबतं. मल्टीरूम स्पीकर घरातल्या वाय-फायवर बसतो. हॉल, स्वयंपाकघर, देवघर असे सगळे स्पीकर आपापली घड्याळं एकमेकांशी जुळवून घेतात, त्यामुळे एकच गाणं सगळीकडे एकाच क्षणी वाजतं. हवं तर प्रत्येक खोलीत वेगळं लावता येतं, म्हणजे देवघरात काकड आरती आणि मुलांच्या खोलीत त्यांचं काही. बहुतेक यंत्रणांत गाणं स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून ओढतो आणि फोन फक्त रिमोटचं काम करतो.

बिनतारी म्हणजे आवाजाची तार नसते. विजेची तार प्रत्येक स्पीकरला लागतेच, म्हणून स्पीकर कुठे ठेवणार ते ठरवताना आधी सॉकेट कुठे आहे ते बघा.

२. घरात तीन ब्लूटूथ स्पीकर आहेत. तेच जोडून काम भागेल का?

एकाच खोलीत किंवा गच्चीवर भागेल, घरभर नाही. जेबीएलच्या पार्टीबूस्टसारख्या सोयीने एकाच कंपनीचे जुळणारे स्पीकर एकत्र वाजतात. नवं ऑराकास्ट हे ब्लूटूथचंच प्रसारणाचं तंत्र आहे. पण जेबीएलचे पार्टीबूस्टवाले आणि ऑराकास्टवाले स्पीकर एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे जुन्याला जोडी म्हणून नवा घेताना खोक्यावरचं चिन्ह तपासा. शिवाय मध्ये दोन भिंती आल्या की ब्लूटूथ दम सोडतं. जुने स्पीकर टाकून देऊ नका. त्यांना ऑक्सची खाच (तारेने आवाज आत घ्यायची जागा) असेल तर प्रश्न १४ मधला उपाय त्यांनाही लागू पडतो.

३. एअरप्ले, गूगल कास्ट, अलेक्सा, सोनोस, हिऑस… यातलं नेमकं कोणतं घ्यावं?

पुढची दहा वर्षं याच निर्णयावर अवलंबून असतात, म्हणून इथे घाई नको. घरात कोणाकडे कोणते फोन आहेत आणि गाणी कोणत्या अ‍ॅपवर ऐकली जातात, ते आधी कागदावर लिहा.

घरात सगळे आयफोन असतील तर अ‍ॅपलचं एअरप्ले २ सर्वांत सोपं. आयफोनमधलं जवळजवळ कोणतंही अ‍ॅप त्यावर वाजतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर एका गटात येतात. अडचण अशी की अँड्रॉइड फोनमध्ये एअरप्ले मुळातच नाही. घरातल्या एकाकडे जरी अँड्रॉइड असला तरी फक्त एअरप्लेवर चालणारा स्पीकर घेऊ नका.

अँड्रॉइड जास्त असतील तर गूगल कास्ट (फोनवरून स्पीकरवर गाणं लावायची गूगलची सोय) बरं. अ‍ॅपमध्ये कास्टचं बटण असलं की झालं, आयफोनवरूनही चालतं. यूट्यूब म्युझिक ऐकणाऱ्यांना हेच सोयीचं.

अ‍ॅमेझॉनच्या अलेक्सावर चालणाऱ्या इको स्पीकरांचा गट कमी खर्चात उभा राहतो आणि आवाजाने हुकूम देणं सोपं जातं. एक मर्यादा मात्र घेण्याआधीच माहीत असू द्या: फोनवरून ब्लूटूथने एका इकोला दिलेलं गाणं गटातल्या बाकीच्या इकोंवर जात नाही. फोनमध्ये साठवलेली जुनी भजनं घरभर वाजवायची असतील तर इथे निराशा होईल.

सोनोस, डेनॉन आणि मरांट्झची हिऑस, यामाहाची म्युझिककास्ट, ब्लूसाउंडची ब्लूओएस या कंपन्यांच्या स्वतःच्या यंत्रणा आहेत. जुळणी पक्की, आवाज चांगला, खर्च जास्त. पुढचा प्रत्येक स्पीकर त्याच कंपनीचा घ्यावा लागतो. सोनोसवर गूगल कास्ट चालत नाही. अँड्रॉइडवाल्यांना त्यासाठी सोनोसचं अ‍ॅप किंवा स्पॉटिफाय कनेक्ट वापरावं लागतं.

आमचा सल्ला असा की मिश्र फोनांच्या घरात एअरप्ले २ आणि गूगल कास्ट दोन्ही येणारं उपकरण शोधा. मग फोन बदलला तरी स्पीकर बदलावा लागत नाही.

४. दोन वेगळ्या कंपन्यांचे स्पीकर एका गटात चालतात का?

दोघांना एकच समान भाषा येत असेल तर चालतात. दोन्ही एअरप्ले २ वाले असतील तर आयफोनवरून एकत्र, दोन्ही कास्टवाले असतील तर गूगल होम अ‍ॅपमधून एकत्र. हिऑस आणि म्युझिककास्ट थेट एकमेकांना ओळखत नाहीत. खोक्यावर नुसतं ‘मल्टीरूम’ छापलेलं असेल तर विचारा, कोणाबरोबर? उत्तर मिळालं नाही तर तो स्पीकर घेऊ नका.

५. दुकानदार १००० वॉट, ५००० वॉट सांगतात. आम्हाला किती लागतील?

पीएमपीओचा आकडा पूर्ण विसरा. तो क्षणिक शिखराचा, जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा असतो. आरएमएस वॉट, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती ताकद, विचारा. दहा बाय बाराच्या खोलीला २० ते ३० आरएमएस वॉटचा एक बरा स्पीकर पुरतो. पंधरा बाय वीसच्या हॉलला ४० ते ५० वॉटचे दोन.

वॉट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. म्हणून मोठ्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात एकच दणदणीत स्पीकर ठेवण्यापेक्षा दोन मध्यम स्पीकर दोन ठिकाणी ठेवलेले केव्हाही चांगले. कमी आवाजातही शब्द सगळीकडे स्पष्ट पोचतात.

आपल्याकडच्या घरांची आणखी एक गोष्ट. शहाबादी किंवा गुळगुळीत फरशी, चुना-सिमेंटच्या उघड्या भिंती, वर स्लॅब, अशा खोलीत आवाज आपटून कर्कश होतो. अशा वेळी आवाज वाढवू नका, खोली मऊ करा. फरशीवर जाड सतरंजी, खिडकीला भरगच्च पडदा, समोरच्या भिंतीवर सोलापुरी वॉल हँगिंग लावून बघा. पातळ चादर फक्त टोकदार उंच स्वर शोषते, घुमणाऱ्या बासवर (खालच्या, जाड आवाजावर) तिचा परिणाम होत नाही. बास घुमत असेल तर स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून फूटभर पुढे आणा.

६. प्रत्येक खोलीत एक घ्यावा, की हॉलमध्ये दोघांची जोडी?

बसून, लक्ष देऊन ऐकता ती एकच खोली असते. तिथे एकाच मॉडेलचे दोन स्पीकर स्टिरिओ जोडीत लावा. बाकी ठिकाणी एकेक पुरे. डावा-उजवा करायला दोन्ही अगदी एकाच मॉडेलचे लागतात. जवळपासचं मॉडेल चालत नाही, म्हणून जोडीची शक्यता असेल तर दोन्ही एकदमच घ्या. वर्षभराने तेच मॉडेल बाजारात असेलच असं नाही.

७. वाय-फाय पुरेसं आहे का, हे खरेदीआधी कसं तपासायचं?

वायफाय अ‍ॅनालायझरसारखं अ‍ॅप अँड्रॉइड फोनमध्ये घ्या आणि जिथे स्पीकर बसणार आहे नेमक्या त्या जागी, त्याच उंचीवर फोन ठेवा. खोलीचं दार लावून घ्या. आकडा उणे चिन्हासह डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) दिसतो. उणे ६५ किंवा त्याहून चांगला, म्हणजे उणे ५० किंवा ६० असेल, तर निश्चिंत राहा. उणे ७० च्या पुढे गेला तर गाणं तुटणार. उणे ८० ला स्पीकर जोडलाच जाणार नाही.

हे मोजमाप संध्याकाळी आठ ते दहाच्या दरम्यान करा. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचं वाय-फाय, टीव्ही, मोबाइल सगळं चालू असतं. सकाळी अकराला मिळालेला आकडा फसवतो.

इंटरनेटचा वेग इथे दुय्यम आहे. उत्तम दर्जाच्या ३२० केबीपीएस गाण्याला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात. रोज चार तास ऐकलं तर महिन्याला १७ जीबीच्या आसपास. साध्यात साधी ब्रॉडबँड योजनाही हे सहज पेलते. खोलीपर्यंत सिग्नल पोचणं हेच खरं काम आहे.

८. आमचा जुना वाडा आहे, दगड-मातीच्या भिंती, वर माळवद. राउटर सोप्यात आहे आणि मागच्या खोलीत काहीच पोचत नाही. काय करावं?

टिळक चौक, साखर पेठ, बाळीवेस भागातून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. दीड-दोन फुटांची दगड-मातीची भिंत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळपास पूर्ण अडवते. २.४ गिगाहर्ट्झ एक भिंत पार करतं, दुसरीला थकतं. मागच्या खोलीत भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसवायचा स्वस्त रिपीटर लावला तर पट्ट्या भरलेल्या दिसतात, पण तो तोच कमकुवत सिग्नल ऐकून पुन्हा बोलत असतो. वेग निम्मा होतो आणि स्पीकरांची जुळणी बिघडते.

यावर कायमचा उपाय म्हणजे तार. मागच्या भागापर्यंत एक कॅट-६ केबल (नेटची तार) न्या आणि तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट (तारेतून आलेलं नेट वाय-फायने पसरवणारा डबा) बसवा. हे करताना चार गोष्टी सांभाळा.

केबल शुद्ध तांब्याची घ्या. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. लांबी ९० मीटरच्या आत ठेवा, वाड्यात ती एवढी लागतही नाही.

माळवदावरून नेणार असाल तर बाहेर वापरायची, काळ्या जाड आवरणाची केबल मागा. घरात वापरायच्या केबलचं आवरण इथल्या उन्हात तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरतं.

दगडी भिंत फोडायच्या भानगडीत पडू नका. केबल टीव्हीसाठी पूर्वी पाडलेलं भोक किंवा खिडकीच्या चौकटीचा कोपरा शोधा. आत प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून न्या. विजेच्या तारांच्या पट्टीत ही केबल घालू नका.

अ‍ॅक्सेस पॉइंटला वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचाच द्या आणि प्रश्न ९ मधली सेटिंग पाहूनच चालू करा.

विजेच्या वायरिंगमधूनच नेट नेणारे अ‍ॅडॉप्टरही मिळतात. पण दोन्ही टोकं वेगळ्या फेजवर असतील, किंवा एक सॉकेट इन्व्हर्टरवर आणि दुसरं थेट असेल, तर ते चालत नाहीत किंवा रडतखडत चालतात. घेण्याआधी परत करायची मुभा विचारून ठेवा.

९. स्पीकर चालू आहे, वाय-फायही आहे, पण फोनवर स्पीकर दिसतच नाही. का?

स्पीकर खराब आहे असं समजून परत केलेल्या कितीतरी स्पीकरांचं खरं कारण राउटरमध्ये असतं. फोन आणि स्पीकर एकमेकांना शोधतात ते घरातल्या नेटवर्कवर हाक मारून. ती हाक अडली की स्पीकर दिसत नाही. पुढच्या क्रमाने तपासा.

पहिलं, फोन गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) आहे का? गेस्टवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. तो मुख्य नेटवर्कवर आणा.

दुसरं, राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ (उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करा.

तिसरं, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारं: एका घरात दोन राउटर. केबलवाल्याने दारापाशी एक डबा बसवला, नंतर तुम्ही दुकानातून दुसरा राउटर आणून त्याला जोडला. आता घरात दोन वेगळी नेटवर्क आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहा आणि स्पीकरच्या अ‍ॅपमध्ये स्पीकरचा पत्ता पाहा. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर रोग सापडला. दुरुस्ती अशी:

१) दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा. काम संपलं.
२) तो मोड नसेल तर त्या राउटरचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या मालिकेतला, पण इतर कोणाला न दिलेला असा ठेवा. उदाहरणार्थ पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२.
३) त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सेटिंग) बंद करा.
४) पहिल्या डब्याकडून येणारी केबल वॅन खाचेतून (बाहेरचं नेट घेणारी) काढून लॅन खाचेत (घरातली उपकरणं जोडायची) घाला.
५) आधी पहिला डबा, मग दुसरा राउटर, मग स्पीकर असे बंद-चालू करा.

चौथं, स्वस्त स्पीकर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, आणि काही जुने स्पीकर वाय-फायच्या नुसत्या डब्ल्यूपीए३ सुरक्षेला जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय ठेवा.

पाचवं, फोनमध्ये व्हीपीएन चालू आहे का पाहा. आयफोनमध्ये त्या अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिली आहे का, तेही पाहा.

१०. स्पीकर दिसतो, पण गाणं मध्येच तुटतं. काय करू?

जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या अपार्टमेंटमध्ये एका जागी वीस-पंचवीस वाय-फाय दिसणं नेहमीचं आहे. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. राउटर ‘ऑटो’वर न ठेवता यातलं सर्वांत मोकळं चॅनल निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. राउटरजवळच्या स्पीकरांना ५ गिगाहर्ट्झ द्या आणि तिथे ३६ ते ४८ मधलं चॅनल ठेवा. वरचे काही चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला ते लगेच सोडावे लागतात आणि गाणं अचानक थांबतं.

मायक्रोवेव्ह चालू असतानाच तुटत असेल तर कारण तेच, तोही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे, टीव्हीच्या पाठीशी किंवा शोकेसच्या काचेआड ठेवला असेल तर आधी तो बाहेर काढा. हा उपाय फुकट आहे आणि निम्म्या तक्रारी त्याने मिटतात. एवढं करूनही तुटत असेल तर प्रश्न ७ चं मोजमाप पुन्हा करा.

११. नेट गेलं तर स्पीकर नुसता ठोकळा होतो का?

यंत्रणेवर अवलंबून आहे. अलेक्साला हुकूम समजायलाच इंटरनेट लागतं, म्हणून ती गप्प होते. गूगल कास्टची बरीच कामंही अडतात. आयफोनमध्ये उतरवून ठेवलेली गाणी एअरप्लेने वाजतात, कारण त्याला फक्त घरातलं वाय-फाय पुरतं. हिऑस, म्युझिककास्ट, ब्लूओएस, सोनोस हे घरातल्या संगणकावरची किंवा पेन ड्राइव्हसह राउटरवर सामायिक केलेली गाणी वाजवू शकतात. नेट वारंवार जात असेल तर ब्लूटूथ किंवा ऑक्सची खाच असलेला स्पीकर घ्या, म्हणजे अडल्या वेळी काम चालतं.

१२. लाईट सारखी जाते-येते. स्पीकर जळेल का?

लाईट जाण्याने काही होत नाही, ती परत येतानाच्या धक्क्याने आणि विजेच्या कडकडाटाने होतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस दाटून आला की स्पीकर, राउटर आणि नेटचा डबा तिन्हींचे प्लग काढा. फक्त बटण बंद करणं पुरेसं नाही. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक धक्का अडवणारा भाग) असलेला बोर्ड वापरा, पण घराचं अर्थिंग नीट असेल तरच त्याचा उपयोग होतो. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

इन्व्हर्टरवर चालवायचे असतील तर साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा. स्क्वेअर वेव्हवर जुन्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून घरघर येते. स्पीकर इन्व्हर्टरवर नसले तरी राउटर आणि नेटचा डबा १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर ठेवा. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर वाचून जुळवा.

लाईट आल्यावर स्पीकर राउटरच्या आधी जागे होतात, नेटवर्क सापडत नाही आणि गट मोडतो. मिनी यूपीएसने हा त्रासही जातो. नाहीतर दोन-तीन मिनिटं थांबून स्पीकर पुन्हा चालू करा. राउटरमध्ये प्रत्येक स्पीकरला कायमचा पत्ता नेमून दिला तर आणखी स्थैर्य येतं.

१३. आपल्या उन्हाळ्याचं काय? आणि धुळीचं?

बहुतेक कंपन्या वापरासाठी ० ते ४० अंश सेल्सिअसची मर्यादा देतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा त्याच्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या खोलीत तर आणखी चढतो. पश्चिमेच्या खिडकीत, पत्र्याला लागून किंवा बंद शोकेसमध्ये स्पीकर ठेवू नका. मागे आणि वर निदान चार इंच मोकळे सोडा. तापलेला स्पीकर स्वतःला वाचवण्यासाठी आवाज कमी करतो किंवा बंद पडतो. तो थंड होऊ द्या, लगेच दुकानात नेऊ नका. बॅटरीचे स्पीकर गच्चीवर किंवा गाडीत विसरू नका. लिथियम बॅटरीला सर्वांत जास्त मारते ती उष्णता.

धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं किंवा फुंकणी जाळीवर नको, धूळ आत ढकलली जाते. मागे बासचं भोक असेल तर पालीसाठी ती आयती जागा असते, त्यामुळे लांब सुटीवर जाताना त्यावर कापड बांधा. परत आल्यावर ते काढायला विसरू नका.

१४. वडिलांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर आहेत. ते यात घेता येतील का?

नक्की घ्या. चांगल्या जुन्या लाकडी स्पीकरांचा आवाज आजच्या कित्येक छोट्या स्पीकरांपेक्षा भरदार असतो. त्यासाठी एक छोटी स्ट्रीमर पेटी (वाय-फायवरून गाणं घेऊन अ‍ॅम्प्लिफायरला देणारी) लागते, उदाहरणार्थ विम प्रो. तिच्यात एअरप्ले २ आणि गूगल कास्ट दोन्ही आहेत. पेटीच्या लाइन आउटमधून आरसीए केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’ खाचेत घाला. ‘फोनो’ खाचेत घालू नका, ती रेकॉर्ड प्लेअरसाठी असते आणि तिथून आवाज फाटून येतो. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज एका मध्यम जागी कायम ठेवा आणि पुढचं कमी-जास्त अ‍ॅपमधून करा.

जोडल्यावर एकसारखा हुंकार आला तर पेटी आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावून बघा. तरीही राहिला तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (तारेतला हुंकार अडवणारा छोटा जोड) घाला. अ‍ॅम्प्लिफायरच बिघडलेला असेल तर अ‍ॅम्प असलेली स्ट्रीमर पेटी घ्या आणि स्पीकरच्या मागे लिहिलेले ओहम तिला चालतात का तपासा. साधारण ४ ते ८ चालतात.

रेकॉर्ड प्लेअर घरभर ऐकायचा असेल तर लाइन इन असलेली पेटी घ्या. प्लेअरमध्ये प्रीअ‍ॅम्प (रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) नसेल तर तो वेगळा लागेल.

१५. टीव्हीवरचा आवाज सगळ्या खोल्यांत वाजवता येईल का?

बातम्या किंवा भजनापुरता येईल. सिनेमा पाहणाऱ्याला त्रास होईल. स्पीकर एकमेकांशी जुळण्यासाठी आवाज थोडा वेळ अडवून ठेवतात. एअरप्लेवर हा उशीर सुमारे दोन सेकंदांचा असू शकतो. मग ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज बाहेर देणारी एचडीएमआय खाच) जोडलेला साउंडबार ठेवा. तोच साउंडबार मल्टीरूम यंत्रणेचा असेल तर गाण्यांच्या वेळी गटात घेता येतो.

१६. दोन खोल्यांच्या दारात उभं राहिलं की आवाज दोनदा येतो. स्पीकर जुळलेले नाहीत का?

बहुधा जुळलेले असतात. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. एक स्पीकर तुमच्यापासून दोन मीटरवर आणि दुसरा बारा मीटरवर असेल तर दुसऱ्याचा आवाज जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा येतो. त्यापुढे कान त्याला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ओळखू लागतो. दूरच्या स्पीकरचा आवाज कमी करा किंवा त्याचं तोंड दुसरीकडे वळवा. दोन मीटरवरच्या दोघांतही फरक ऐकू येत असेल तर दोष जुळणीत आहे. गूगल होम अ‍ॅपमध्ये त्यासाठी ‘ग्रुप डिले करेक्शन’ आहे.

१७. घराला लागूनच यंत्रमागाचं शेड आहे. मोठा स्पीकर घेतला तर ऐकू येईल का?

पूर्व भागातल्या घरांचा हा रोजचा प्रश्न आहे, आणि उत्तर जपून द्यावं लागतं. विणकामाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे असतो. त्यावर मात करून गाणं ऐकायचं म्हणजे कानावर दोन्हींचा मारा. आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची मर्यादा आहे, आणि माग चालवणाऱ्याचे कान ती केव्हाच ओलांडतात. शेडमध्ये स्पीकर लावूच नका.

राहत्या खोलीत आधी शेडकडच्या भिंतीतल्या फटी, खिडक्या, दाराखालची जागा रबरी पट्टीने बंद करा. आवाज हवेबरोबर फटीतून येतो. मग छोटा स्पीकर ऐकणाऱ्याच्या जवळ, दोन-तीन फुटांवर ठेवा. अ‍ॅपच्या इक्वलायझरमध्ये बास कमी आणि मधले स्वर थोडे जास्त करा, शब्द उठून येतात. स्पीकरचा प्लग मागाच्या मोटरच्या लाइनवर नको.

१८. मराठीत बोललं तर समजतं का? आकाशवाणी लागेल का?

अलेक्सा आणि गूगलचे स्पीकर हिंदी आणि भारतीय इंग्रजीत हुकूम घेतात, मराठीत नाही. मराठी गाण्याचं नाव घेतलं तर कधी बरोबर लागतं, कधी भलतंच. घरातल्या ज्येष्ठांसाठी सोपी वाट अशी: तुमच्या खात्यात आवडत्या अभंगांची यादी करा, तिला ‘मॉर्निंग’सारखं छोटं नाव द्या आणि तेवढाच एक हुकूम शिकवा.

या स्पीकरांत सहसा एफएमचा अँटेना नसतो, रेडिओ इंटरनेटवरून येतो. आकाशवाणीची केंद्रं न्यूजऑनएअर अ‍ॅपवर थेट ऐकता येतात. त्यावरून एअरप्लेने किंवा ब्लूटूथने स्पीकरवर द्या. थेट प्रसारण काही सेकंद मागे असतं, त्यामुळे वेळेच्या टोल्यांवर घड्याळ लावू नका.

१९. भाऊ अमेरिकेतून स्पीकर आणतोय, किंवा जुना स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

मागच्या पट्टीवर ‘१००–२४०’ व्होल्ट लिहिलेलं असेल तरच आपल्या २३० व्होल्टवर लावा. नुसतं १२० लिहिलेलं असेल तर जळेल. तिकडची वॉरंटी सहसा इथे चालत नाही.

जुना घेताना आधीच्या मालकाच्या खात्यातून तो मोकळा केला आहे ना, हे समोर बसून पाहा आणि स्वतःच्या फोनवर गाणं वाजवूनच पैसे द्या. सोनोसने २०२० मध्ये एस१ आणि एस२ अशी दोन अ‍ॅप वेगळी केली. फक्त एस१ वर चालणारे जुने स्पीकर नव्यांच्या गटात येत नाहीत. क्रोमकास्ट ऑडिओचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, आणि मार्च २०२५ मध्ये प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे ती उपकरणं काही दिवस बंद पडली होती. बोजने साउंडटच मालिकेची क्लाउड सेवा २०२६ मध्ये थांबवण्याचं २०२५ मध्येच जाहीर केलं. म्हणून जुन्या स्पीकरला ऑक्सची खाच असेल तरच भाव करा. कंपनीने पाठ फिरवली तरी तार चालत राहते.

२०. आवाजाबद्दल कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाऊ नये. सामाईक भिंतीतून जातो तो मुख्यतः बास. स्पीकर त्या भिंतीपासून दूर करा, खाली रबराचे पाय किंवा जाड फोम ठेवा आणि अ‍ॅपमध्ये रात्री दहानंतरची आवाजाची कमाल मर्यादा लावून द्या.

२१. सगळं एकदम घेणं जमणार नाही. टप्प्याटप्प्याने कसं घ्यावं?

पहिल्या टप्प्यात राउटरची जागा बदला, केबल ओढा, गरज असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंट बसवा. दुसऱ्या टप्प्यात ज्या खोलीत सर्वांत जास्त वेळ जातो तिथे एकच स्पीकर घ्या, आणि महिनाभर घरातल्या सगळ्यांना तो आपापल्या फोनवरून वापरू द्या. कोणाला अडचण आली तर यंत्रणा चुकली, आणि एकाच स्पीकरवर ती लक्षात आली. मग दुसरी खोली, आणि जोडी शेवटी, मात्र प्रश्न ६ मधली अट लक्षात ठेवून. नवी पेठेतल्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचं बिल, भारतातली वॉरंटी आणि सर्वांत जवळचं सेवा केंद्र कुठे आहे, हे तिन्ही घेण्याआधी विचारा. सेवा केंद्र पुण्याला असेल तर नेण्या-आणण्याचा खर्च कोण करणार, हेही बिलावर लिहून घ्या.

२२. वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, वाय-फाय एकच. रात्री अचानक आमच्या स्पीकरवर त्यांचं गाणं लागतं!

एकाच नेटवर्कवरच्या कोणालाही स्पीकर दिसतो, त्यांच्याकडून चुकून दाबलं जातं. भाडेकरूंना गेस्ट नेटवर्क द्या. प्रश्न ९ मध्ये जी गोष्ट अडचण होती तीच इथे उपाय आहे. दोन मजल्यांवर दोन अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर गेस्ट नेटवर्क दोन्हींवर चालू करावं लागतं, आणि काही स्वस्त राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये गेस्टला वेगळं ठेवतच नाहीत. सेटिंगनंतर वरच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या फोनवर तुमचा स्पीकर दिसतो का, हे प्रत्यक्ष पाहा. एअरप्लेच्या बऱ्याच उपकरणांना आणि पेट्यांना पासवर्डही लावता येतो. राउटर बदलणं शक्य नसेल तेव्हा तेवढ्यावर भागवता येतं.